भिंतीवरचा मजकूर आणि आपले दप्तर

(पिंपरी येथे कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कंत्राटी कामगार, महागाई आणि नव्या श्रमसंहिता या विषयांच्या पंगतीत ‘पाट्या, भित्तिपत्रके आणि दुकानांच्या काचा यांचे छायाचित्रण’ हा विषय पाहून आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. छायाचित्रण हा हौशी लोकांचा छंद आहे, त्याचा चळवळीशी काय संबंध, असा प्रश्न एका साथींनी मला दारातच विचारला. त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न मी करणार आहे.

चाकणच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची कोणतीही एक भिंत डोळ्यांपुढे आणा. वरच्या बाजूला कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचा भलामोठा फ्लेक्स. त्याखाली सदनिकांची जाहिरात. आणि अगदी खाली, माणसाच्या छातीच्या उंचीवर, खळीने चिकटवलेले वीतभर कागद : ‘मुले पाहिजेत, हेल्पर, फिटर, जेवणाची व राहण्याची सोय’, ‘कॉट बेसिसवर जागा मिळेल’. वरचा फ्लेक्स धावत्या गाडीतून वाचण्यासाठी आहे. खालचा कागद लातूरहून, बुलढाण्याहून किंवा बिहारहून काल रात्री उतरलेल्या आणि हातात पिशवी घेऊन पायी चालणाऱ्या पोरासाठी आहे. या रस्त्यावर कोण कोणाशी काय बोलतो, हे ती भिंत सांगते. मात्र पहिल्या पावसात खालचा कागद गळून पडतो, आणि ज्या मजकुरावर शेकडो तरुणांचे आयुष्य ठरले त्याचा मागमूस राहत नाही. असा मजकूर जपण्याचे काम कोणी, कसे आणि कशासाठी केले, याचा इतिहास आपल्या उपयोगाचा आहे.

छायाचित्रणकलेची घोषणा १८३९ साली झाली. आरंभीच्या काळात धातूच्या पत्र्यावर अथवा कागदावर प्रतिमा उमटण्यास इतका वेळ लागे की, चालता माणूस चित्रात टिकतच नसे. भिंत टिके, पाटी टिके. इंग्लंडमधील टालबॉट याने १८४४ साली लंडनमध्ये नेल्सनच्या स्तंभाचे बांधकाम चालू असताना त्याचे छायाचित्र घेतले. त्याला दाखवायचा होता तो स्तंभ, परंतु भोवतालच्या फळ्यांच्या कुंपणावर चिकटवलेल्या जाहिरातीही त्यात आल्या. आज पाहणाऱ्याची नजर स्तंभाआधी त्या कागदांवर जाते. साम्राज्याच्या वीराचे स्मारक उभे राहत होते आणि त्याच्याच पायथ्याशी सामान्य शहर आपले रोजचे व्यवहार भिंतीवर मांडत होते. छायाचित्रकाराने न मागता त्याला ही साक्ष मिळाली.

ही साक्ष जाणीवपूर्वक गोळा करण्याचा एक लक्षणीय प्रयत्न १८७७-७८ मध्ये झाला. जॉन टॉमसन हा छायाचित्रकार आणि अॅडॉल्फ स्मिथ हा समाजवादी पत्रकार यांनी मिळून लंडनच्या रस्त्यावरील जीवनावर एक ग्रंथ मासिक भागांत प्रसिद्ध केला. त्यात एक प्रकरण रस्त्यावरील जाहिरातींविषयी आहे. त्यातील छायाचित्रात भिंतीवरचे कागद दिसतात आणि ते चिकटवणारे कामगारही दिसतात. सोबतच्या मजकुरात त्यांच्या धंद्याची माहिती आहे. पुढे याच स्मिथने आंतरराष्ट्रीय समाजवादी व कामगार परिषदांत दुभाष्याचे काम केले. जाहिरातीकडे पाहताना ती चिकटवणाऱ्या हाताकडेही पाहिले पाहिजे, हा धडा त्या पुस्तकातून घेण्यासारखा आहे.

यानंतरचे मोठे नाव पॅरिसच्या युजीन अॅजे याचे. त्याचा जन्म १८५७ चा. आधी जहाजावर खलाशी, मग फिरत्या नाटक मंडळीत दुय्यम नट, आणि दोन्हीकडे जम न बसल्यावर छायाचित्रकार. पॅरिसची जुनी वस्ती पाडून नवे शहर उभे राहत होते. हा माणूस लाकडी कॅमेरा, तिकाटणे आणि १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचा खांद्यावर घेऊन भल्या सकाळी बाहेर पडे आणि दुकानांच्या पाट्या, दारूच्या गुत्त्यांची दारे, फेरीवाले, भंगारवाल्यांच्या झोपड्या यांची छायाचित्रे काढी. त्याच्या दारावरच्या पाटीचा अर्थ ‘कलावंतांसाठी दस्तऐवज’ असा होता. स्वतःला तो कलावंत म्हणवीत नसे. चित्रकारांना आणि ग्रंथालयांना त्या प्रती विकून तो पोट भरी. कामगारांसाठी चालणाऱ्या लोकविद्यापीठांत त्याने नाटकावर व्याख्यानेही दिली. १९१२ साली त्याने बायकांची कंबर आवळणाऱ्या अंतर्वस्त्रांच्या एका दुकानाचे छायाचित्र घेतले, तर १९२५ मध्ये कपड्यांच्या दुकानांच्या काचांची काही छायाचित्रे घेतली. काचेआड उंची पोशाखातले हसरे पुतळे आहेत आणि त्याच काचेवर समोरच्या रस्त्याचे प्रतिबिंब पडले आहे. माल आणि रस्ता एकाच चौकटीत आले. १९२७ साली तो वारला, तेव्हा त्याची कीर्ती फार लहान वर्तुळात होती. बेरेनिस अॅबट या तरुण अमेरिकन छायाचित्रकर्तीने त्याच्या काचा व प्रती विकत घेऊन वाचवल्या. १९६८ साली तो संग्रह न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाकडे गेला. वॉल्टर बेंजामिन या जर्मन विचारवंताने १९३१ साली अॅजेच्या ओस रस्त्यांची तुलना गुन्हा घडलेल्या जागेशी केली. गुन्ह्याच्या जागेचे छायाचित्र शोभेसाठी काढीत नाहीत, पुराव्यासाठी काढतात.

पुरावा फसवाही ठरू शकतो, हे अमेरिकेतील उदाहरणावरून कळते. १९३० च्या दशकातील महामंदीत तेथील सरकारने शेतकऱ्यांच्या पुनर्वसनासाठी १९३५ साली एक खाते उभारले आणि त्याच्या वतीने छायाचित्रकार देशभर पाठवले. त्यांतील वॉकर एव्हन्स याने पाट्या, सर्कशीची व तमाशांची भित्तिपत्रके आणि खेड्यांतील दुकाने यांची शेकडो छायाचित्रे घेतली. १९३६ साली साव्हाना शहरातील एका फोटो स्टुडिओच्या काचेचे त्याने घेतलेले चित्र प्रसिद्ध आहे. त्यात स्वस्तातल्या लहान छबींच्या ओळीमागून ओळी आहेत. एक दुकान, पण त्यात सगळे गाव. त्याच खात्यातील डोरोथिया लँग हिने १९३७ साली कॅलिफोर्नियात दोन माणसे सामान घेऊन पायी चाललेली टिपली. शेजारच्या जाहिरात फलकावर आरामखुर्चीत रेललेला प्रवासी आहे, आणि पुढच्या खेपेस रेल्वेने जा, असा सल्लाही आहे.

याच वर्षीचे मार्गारेट बर्क-व्हाइट हिचे छायाचित्र आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. मोटारीतून जाणारे सुखी गोरे कुटुंब, जगातील सर्वोच्च राहणीमानाची ग्वाही देणारा फलक, आणि त्याखाली हातात डबे व टोपल्या घेऊन रांगेत उभी काळी माणसे. जगभर हे चित्र मंदीतील बेकारांची रांग म्हणून छापले जाते. वास्तविक ती रांग ओहायो नदीच्या पुराने लुईव्हिल शहरात बेघर झालेल्यांची होती. चित्र खरे, फलक खरा, रांगही खरी. पण स्थळ, तारीख आणि कारण गळाले की खऱ्या चित्राचाही चुकीचा दाखला होतो. आपल्या सभांतून आणि पत्रकांतून आपणही असे दाखले देत आलो आहोत, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

आता आपल्या प्रांताकडे वळू. मुंबईत छायाचित्रण लवकर आले. १८५४ साली बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्यातील एक प्रमुख छायाचित्रकार होते. १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्गही निघाला. परंतु त्या काळच्या कॅमेऱ्याचे लक्ष मुख्यतः लेणी, देवळे, किल्ले आणि निरनिराळ्या जातिजमातींचे ‘नमुने’ यांच्याकडे होते. राज्य करण्यासाठी देश ओळखावा लागतो आणि त्या ओळखीसाठी ही चित्रे लागत. बाजारातल्या पाट्या त्या चित्रांत आल्याच तर पार्श्वभूमी म्हणून आल्या.

१८९६-९७ च्या प्लेगात कॅमेरा आणि भिंत यांचा वेगळा संबंध आला. मुंबईत घराघरांची तपासणी झाली, चुन्याचे हात मारले गेले आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी अक्षरे रंगवली गेली. ज्याच्या घरावर ती लिहिली त्याला ती वाचता येत नव्हती. प्लेग-निवारणाच्या या मोहिमेची छायाचित्रेही काढली गेली. ती काढणारे, जपणारे आणि पाहणारे बहुतांशी तपासणी करणाऱ्यांच्या बाजूचे होते. पुण्यातील अशाच तपासणीच्या जाचातून २२ जून १८९७ ची घटना घडली आणि रँडचा वध करणारे चापेकर बंधू आपल्या या चिंचवडचे होते, हे येथे नव्याने सांगायला नको. गरिबाच्या भिंतीवर लिहिण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न या परिसराला जुना आहे.

छायाचित्र पीडितांच्या बाजूने वापरण्याची परंपराही आपल्याकडे आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुनील जाना यांची छायाचित्रे कम्युनिस्ट पक्षाच्या ‘पीपल्स वॉर’ या साप्ताहिकातून लोकांपुढे आली. त्या पक्षाशी आपले मतभेद काहीही असोत, पक्षाच्या साप्ताहिकात छायाचित्राला लेखाइतकीच जागा असते, हे त्यांनी ओळखले होते. आपण मात्र व्यासपीठावरचे वक्ते आणि हारतुरे यांच्यापलीकडे क्वचितच गेलो.

या पट्ट्याचेच पाहा. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी पिंपरीत वसली आणि तिच्यातून आजची बाजारपेठ उभी राहिली. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना आला. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, टेल्को व बजाजसारखे कारखाने वाढले, १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. २००७ साली बजाजच्या आकुर्डी कारखान्यातील वाहनांचे उत्पादन थांबले. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, आणि कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव मोटारींच्या नावाने ओळखले जाऊ लागले. यातील प्रत्येक टप्प्याला पाट्या बदलल्या. कारखान्यांनी आपल्या यंत्रांची व उद्घाटनांची छायाचित्रे उत्तम छायाचित्रकारांकडून काढून घेतली. मित्तर बेदींसारख्यांनी तर औद्योगिक छायाचित्रण हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून नावारूपाला आणला. चित्रपटांच्या भित्तिपत्रकांना पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या चित्रपट संग्रहालयात घर मिळाले. गेटसभेचा खडूने लिहिलेला फळा, गेरूने रंगवलेली घोषणा आणि ‘भरती बंद आहे’ ही पाटी यांना तसे घर आपण दिले नाही.

याची किंमत काय, ते मी स्वतः अनुभवले आहे. फार वर्षांपूर्वी या पट्ट्यातील एका लहान कारखान्यात मी कामाला होतो. एका सोमवारी सकाळी गेटवर नोटीस लागली. तिच्यात अकरा जणांची नावे होती, माझेही होते. त्यांना आत घेऊ नये, एवढाच तिचा अर्थ. दुपारच्या पाळीपर्यंत ती नोटीस कोणीतरी काढून नेली. पुढे प्रकरण सुनावणीस आले तेव्हा वाद आला तो तारखेचा. नोटीस आदल्या शुक्रवारीच लावली होती, असे मालकाच्या बाजूने सांगण्यात आले. आम्ही अकराही जण सोमवार म्हणत होतो, परंतु आम्ही तर पक्षकारच. आमच्यातल्या एकाकडे कॅमेरा होता. बहिणीच्या लग्नासाठी हौसेने घेतलेला. तो त्या दिवशी ट्रंकेत होता. घर कारखान्यापासून चालत पंधरा मिनिटांवर. तो आणावा, हे आम्हां कोणालाही सुचले नाही. अकरांपैकी चौघे पुढे गावी परतले ते कायमचेच.

भिंतीवरचा मजकूर हा कायद्याचाही विषय आहे. १९४८ च्या फॅक्टरीज अॅक्टच्या १०८ व्या कलमाने असे बंधन घातले होते की, कायद्याने लावावयाच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, प्रवेशद्वाराजवळ, ठळक जागी आणि वाचता येईल अशा स्वच्छ स्थितीत असल्या पाहिजेत. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालील नियमांनी वेतनाचे दर, कामाचे तास, पगाराची तारीख आणि निरीक्षकाचे नाव-पत्ता फलकावर लावण्यास सांगितले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि हे जुने कायदे त्यांत विसर्जित झाले. नव्या व्यवस्थेत काय मिळाले आणि काय गेले, याचा हिशेब पुढे मांडावा लागेल. तेव्हा एखाद्या गेटवर कोणता फलक होता, तो कोणत्या भाषेत होता, आणि कोणत्या गेटवर फलकच नव्हता, याची तारीखवार छायाचित्रे ज्याच्याजवळ असतील त्याचे म्हणणे टिकेल.

दुकानांच्या पाट्यांचेही तसेच. २०२२ च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात लहानमोठ्या सर्व दुकानांना मराठी पाटी बंधनकारक झाली आणि मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असे ठरले. मराठीचा आग्रह रास्तच आहे. परंतु दुकानाच्या पाटीसाठी जेवढा जोर लावला जातो, तेवढा प्रेस मशीनवरील धोक्याच्या सूचनेसाठी लावला जात नाही. त्या मशीनवर उभा असलेला ओडिशाचा किंवा गडचिरोलीचा तरुण ती सूचना वाचू शकतो काय, हा प्रश्न त्याच्या बोटांचा आहे.

आणि काही फलक तर जीव घेतात. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात जुन्या बाजाराजवळ, शाहीर अमर शेख यांचे नाव असलेल्या चौकात, जाहिरात फलकाचा सांगाडा कोसळून चार माणसे गेली. १७ एप्रिल २०२३ रोजी आपल्या शहरात किवळे येथे महामार्गालगत वादळी वाऱ्यात फलक पडला आणि आडोशाला थांबलेली पाच माणसे त्याखाली मरण पावली. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला १७ जण गेले. तेथे ४० बाय ४० फुटांची मर्यादा असताना फलक १२० बाय १२० फुटांचा होता. अॅजेच्या काळात पाटी दुकानाच्या दाराएवढी होती. आज ती चार-पाच मजली झाली आहे. तिचा चेहरा सगळ्यांना दिसतो, पाय कोणी पाहत नाही. म्हणून होर्डिंगचे छायाचित्र काढताना त्याच्या पायाचे काढा. गंजलेले बोल्ट, उघडा पडलेला काँक्रीटचा ठोकळा, परवान्याचा क्रमांक लिहिला आहे की नाही, आणि त्याच्या सावलीत पंक्चरची टपरी वा चहाची गाडी आहे काय, हे सारे चित्रात येऊ द्या. ते छायाचित्र पालिकेकडे लेखी तक्रारीसोबत द्या आणि पोच घ्या. दुर्घटनेनंतर काढलेल्या शंभर चित्रांपेक्षा आधी काढलेले असे एक चित्र मोलाचे आहे.

हे करायचे कसे, याविषयी चार गोष्टी सांगतो. पहिली, छायाचित्र समोरून, सरळ आणि पूर्ण भिंतीचे घ्यावे. नुसती अक्षरे नकोत, खालचा रस्ताही दिसावा. दुसरी, त्याच दिवशी वहीत स्थळ, तारीख, वेळ आणि काढणाऱ्याचे नाव नोंदवावे. लुईव्हिलच्या चित्राचे काय झाले, ते आपण पाहिलेच. तिसरी, कामगाराचा चेहरा त्याच्या संमतीवाचून चित्रात येऊ देऊ नये. आपल्या पुराव्यापायी त्याची नोकरी जाता कामा नये. गेटवर आत जाणाऱ्याच्या मोबाईलच्या भिंगावर चिकटपट्टी लावतात, हे आपण जाणता. तेव्हा आत जाऊन धाडस करण्याची गरज नाही. सार्वजनिक रस्त्यावरून दिसते तेवढेही पुष्कळ आहे. चौथी, त्याच जागी दर सहा महिन्यांनी पुन्हा जावे. एक चित्र म्हणजे बातमी, त्याच जागेची दहा चित्रे म्हणजे इतिहास.

याखेरीज जुन्या साथींच्या घरी जाऊन त्यांच्या पेटाऱ्यांतील छायाचित्रे पाहण्याची विनंती करा. लग्नाच्या वरातीच्या मागे, मुलाच्या पहिल्या सायकलीच्या मागे एखादी पाटी, एखादी घोषणा, बंद पडलेल्या कारखान्याचे एखादे गेट उभे असेल. टालबॉटच्या चित्रात जाहिराती आल्या तशीच तीही न मागता आली असतील. मूळ प्रत त्यांच्याकडेच राहू द्या, आपण नक्कल घ्या आणि ते सांगतील ती हकीकत लिहून काढा. सांगणारे दरवर्षी कमी होत आहेत.

यावर कोणी म्हणेल, चित्रे काढून क्रांती होते काय? होत नाही. नुसत्या ठरावांनीही होत नाही. परंतु ज्या चळवळीजवळ स्वतःचे दप्तर नसते, तिला प्रत्येक वादात प्रतिपक्षाच्या कागदांवर विसंबावे लागते. त्या काळी कॅमेरा ट्रंकेत होता. आज तो आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे आणि चित्र काढण्यास पैसाही पडत नाही.

येत्या सोमवारी कामावर जाताना प्रत्येकाने आपल्या गेटबाहेरच्या भिंतीचे एक छायाचित्र घ्यावे आणि पुढच्या वर्गाला येताना वहीतील नोंदीसह आणावे. पुढच्या बैठकीत आपण त्यांवर बोलू. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.